मुद्दाम हरावे काय?

लहान मुलाशी खेळताना मोठ्या माणसाने मुद्दाम हरावे काय? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. कॅरमवर राणी अगदी भोकाच्या तोंडाशी आलेली असताना नेम चुकविणारा बाप, पत्त्यांच्या डावात हुकमाचे पान हाती राखून ठेवणारी आजी, ही आपल्या घरोघरची चित्रे आहेत आणि त्यांत कोणाला काही गैर दिसत नाही. उलट ते वात्सल्याचेच लक्षण मानले जाते. मीही तसेच मानीत असे. परंतु नव्वदच्या दशकात कोल्हापुरातील एका चित्रकला शिक्षकाने माझ्या या समजुतीला असा काही धक्का दिला की, आज सत्तरी ओलांडल्यावरही तो प्रश्न माझी पाठ सोडीत नाही. त्याचीच थोडी उकल वाचकांसमोर करावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

हे सर आमच्या गल्लीतच राहत. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण छापील कौतुकाचा त्यांना मनापासून संकोच वाटे. शाळेत चित्रकला शिकवीत, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांची तयारी करून घेत आणि रविवारी चार-दोन मुलांना घेऊन रंकाळ्याच्या काठी निसर्गचित्रणाला जात. माणूस विलक्षण हळवा होता. एखाद्या मुलाच्या कागदावर पाण्यातील प्रकाश नेमका उतरला, तर सरांचे डोळे भरून येत. छत्रपती शाहू महाराजांचे १९२२ साली निधन झाल्यावर चित्रकार आबालाल रहिमान यांनी दुःखावेगाने आपली असंख्य चित्रे कोटीतीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, अशी हकिकत आमच्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सर ती दरवर्षी नव्या वर्गाला सांगावयास घेत आणि दरवर्षी ती अर्ध्यावरच राही. पुढचे वाक्य गळ्यातून बाहेरच येत नसे. वर्गात मागच्या बाकावरची पोरे हसत, पण घरी जाऊन तीच पोरे ती गोष्ट आईबापांना पूर्ण करून सांगत.

याच हळव्या माणसाचे दुसरे रूप मला आमच्या घरी दिसले. त्या काळात दूरचित्रवाणी संचाला जोडावयाचे व्हिडिओ गेम बाजारात आले होते. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या संचाच्या त्या स्वस्त नकला होत्या. दोन रिमोट, वर खोचावयाची एक कॅसेट आणि पडद्यावर एकमेकांना लोळविणारे दोन चिमुकले मल्ल. माझ्या मुलाला त्याच्या मामाने तो संच आणून दिला होता. सर एकदा सहज डोकावले, रिमोट हाती घेतला आणि महिन्याभरात आमच्या गल्लीतील एकाही मुलाला त्यांना हरविणे शक्य उरले नाही. चित्रकाराची नजर आणि बोटे ती! प्रतिस्पर्धी पाऊल उचलण्यापूर्वीच ते त्याचा बेत ओळखीत. कोणी थट्टेने म्हणे, ‘‘सर, चित्रकाराने यंत्राच्या नादी कशाला लागावे?’’ तेव्हा ते बाबूराव पेंटरांचा दाखला देत. कुंचल्याचा धनी असलेल्या या माणसाने स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आणला. कोल्हापूरच्या कलेने यंत्राला कधी परके मानले नाही, हे सरांचे म्हणणे खोटे नव्हते.

मात्र खेळताना हा माणूस ओळखू येत नसे. डोळ्यांतले पाणी कोठल्या कोठे जाई. समोर दहा वर्षांचे पोर असो की कॉलेजातला तरुण, सर कोणालाही सूट देत नसत.

त्याच वर्षी माझी पत्नी अल्पशा आजाराने गेली. मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याने रडणे टाळले आणि हळूहळू बोलणेही टाळले. शाळेतून आला की तो पडद्यासमोर बसे. सर रोज सायंकाळी येत, त्याच्याशेजारी चटईवर मांडी घालून बसत आणि दोघे तासभर खेळत. मुलगा रोज हरे. एकदा नव्हे, दहा-दहा वेळा हरे. स्वयंपाकघरातून मी ते ऐकत असे. शेवटी मला राहवले नाही. एका सायंकाळी सरांना दारापर्यंत पोचविताना मी म्हणालो, ‘‘सर, एखादा डाव त्याला जिंकू द्या. पोराचे दिवस कसे आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे.’’

सरांचे डोळे तत्क्षणी भरून आले. मला वाटले, काम झाले. पण ते मान हलवून म्हणाले, ‘‘ते नाही जमायचं बघा. त्याच्याशी आता सगळेच हरायला लागलेत. तुम्ही हरता, मामा हरतो, शाळेत मास्तर हरतात. एकानं तरी त्याच्याशी खरं खेळायला पाहिजे की नको?’’

त्या रात्री मला त्यांचा मनस्वी राग आला. ज्याला चित्रातला प्रकाश पाहून रडू येते, त्याला आईविना झालेल्या पोराची दया येऊ नये? या माणसाचा हळवेपणा हा केवळ कलावंती दिखावा तर नव्हे? असे अनेक कडू विचार मनात आले. त्या रागातूनच मी या प्रश्नाचा विचार करू लागलो.

पहिली गोष्ट मला सुचली ती आमच्या शहराकडे पाहूनच. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले असता त्यांनी रोममधील प्राचीन क्रीडागार पाहिले आणि परत आल्यावर कुस्त्यांसाठी खासबाग मैदान उभारण्याचे मनावर घेतले. ते १९१२ साली पूर्ण झाले. त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले, जे पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. एका बाजूला लाल मातीचा हौदा आणि भिंतीपलीकडे रंगमंच, अशी ही शेजारशेजारची दोन घरे आहेत. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा कोल्हापूरकरांनी डोळ्यांतले पाणी लपविले नाही.

या दोन घरांचा कायदा मात्र अगदी वेगळा आहे. रंगमंचावर राजा मरतो ते खोटेच असते. ते खोटे आहे हे नटास ठाऊक असते आणि प्रेक्षकासही ठाऊक असते. म्हणूनच आपण निर्धास्तपणे रडू शकतो. मातीत याच्या उलट आहे. तेथे पाठ टेकली की टेकली. दोन मल्लांनी आधी संगनमत करून कुस्ती केली, तर तिला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात आणि कोल्हापूरचा प्रेक्षक ती क्षणात ओळखतो. त्याला हवी असते निकाली कुस्ती. आता एखाद्याने मातीत उतरून रंगमंचाचा कायदा चालविला, म्हणजे खोटा पराभव खरा म्हणून दाखविला, तर त्याने कोणाला फसविले? प्रेक्षकाला तर खरेच, पण सर्वांत अधिक समोरच्या मल्लाला, जर त्याला ते ठाऊक नसेल तर.

डच इतिहासकार योहान हौझिंगा यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळ बिघडविणाऱ्या दोन प्रकारच्या माणसांमध्ये भेद केला आहे. एक लबाडी करणारा आणि दुसरा खेळच मोडून टाकणारा. लबाड माणूस निदान नियम पाळल्याचा देखावा करतो. दुसरा मात्र खेळाचे अवघे जगच नाकारतो. या कसोटीवर मुद्दाम हरणाऱ्या बापाला घासून पाहिले, तेव्हा माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. तो नियम पाळल्याचा देखावा करतो, म्हणून तो लबाड. त्याची लबाडी उलट्या दिशेने चालते एवढेच. शिवाय तो मनाने खेळातून केव्हाच उठून गेलेला असतो, म्हणून तो खेळ मोडणाराही. मुलाला वाटते, समोर प्रतिस्पर्धी बसला आहे. प्रत्यक्षात तेथे कोणीच नसते. ज्या पोराची आई नुकतीच उठून गेली आहे, त्याच्यासमोरून मी आणखी एक माणूस उठवू पाहत होतो.

येथे कोणी म्हणेल, मग दुबळ्याने बलवानाशी खेळूच नये काय? आपल्या अंगणातील मुलांनी याचे उत्तर कधीच शोधून ठेवले आहे. लपंडाव किंवा लगोरी खेळताना एखादे धाकटे भावंड हट्ट करून मध्ये शिरते. त्याला घेतल्याशिवाय आई खेळू देत नाही. तेव्हा मुले जाहीर करतात, ‘‘हा कच्चा लिंबू!’’ म्हणजे तो खेळेल, धावेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही. यात दया आहे, पण फसवणूक नाही. कच्च्या लिंबाला आपण कच्चे आहोत हे ठाऊक असते, आणि म्हणूनच ज्या दिवशी त्याला पक्का म्हणून घेतात, त्या दिवशी तो घरी येऊन ती वार्ता सांगतो. सगळ्या जाणत्या खेळांत अशी सोय आहे. ‘गो’ या खेळात दुर्बल खेळाडूला डाव सुरू होण्यापूर्वीच पटावर काही सोंगट्या अधिक मांडू देतात. बुद्धिबळात बलवान खेळाडू आपला हत्ती किंवा वजीर आधीच उतरवून ठेवीत असे. तालमीत जुना मल्ल नवख्या पठ्ठ्याकडून जोर करवून घेतो, तेव्हा तो आपली सगळी ताकद लावीत नाही, हे दोघांनाही माहीत असते. उघडपणे दिलेली सवलत ही दोघांमधील करार असते. गुपचूप दिलेला विजय हे एकट्याने घेतलेले सोंग असते. भेद दयेच्या मात्रेत नाही, उघडेपणात आहे.

सरांशी पुढे माझे बोलणे झाले तेव्हा त्यांनी सांगितले की, पहिल्याच आठवड्यात त्यांनी मुलाला विचारले होते, ‘‘मी डाव्या हातानं खेळू काय?’’ मुलगा नको म्हणाला होता. त्या दोघांमधील ही गोष्ट मला ठाऊकच नव्हती. स्वयंपाकघरातून मला केवळ पराभव ऐकू येत होते. त्या पराभवांची निवड माझ्या मुलाने स्वतः केली होती, हे ऐकू येत नव्हते.

अलीकडे तर हा प्रश्न घराच्या चटईपुरता राहिलेला नाही. अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम या भौतिकशास्त्रज्ञाने १९५८ साली पाहुण्यांच्या करमणुकीसाठी एका छोट्या पडद्यावर टेनिसचा खेळ बनविला. त्यात यंत्र केवळ मैदान होते, आणि खेळणारी माणसे दोन होती. पुढे यंत्र स्वतःच प्रतिस्पर्धी झाले आणि मग तेही मुद्दाम हरावयास शिकले. मोटारींच्या शर्यतीच्या अनेक खेळांत आपण मागे पडलो की यंत्राच्या गाड्या हळूच वेग कमी करतात. २००५ साली आलेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ या खेळात तर खेळाडू वारंवार मरू लागला की शत्रू आपोआप सौम्य होतात, आणि खेळणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ही यंत्राची करुणा आहे असे कोणी समजू नये. खेळणाऱ्याने कंटाळून उठू नये, एवढाच तिचा हेतू असतो. आपल्या पोटच्या पोराशी मुद्दाम हरताना माझा हेतू यापेक्षा फार निराळा होता काय? त्याने रडू नये, गप्प बसू नये, म्हणजे मला त्रास होऊ नये, हाच त्याचा मोठा भाग नव्हता काय? हा प्रश्न स्वतःला विचारणे सोपे गेले नाही.

मग हळव्या चित्रकाराचे आणि कठोर खेळाडूचे नाते काय? ही दोन माणसे एकाच देहात नांदत होती काय? याचे उत्तर मला सरांच्या वर्गात मिळाले. एकदा एका स्पर्धेपूर्वी एका विद्यार्थ्याचे वडील चित्र घेऊन आले आणि म्हणाले, ‘‘सर, आभाळ तेवढं तुमच्या हातानं सुधारून द्या.’’ चित्रकला शिक्षकाला हा मोह नित्याचाच असतो. दोन फटकारे मारले की चित्र उभे राहते, बक्षीस मिळते आणि सगळेच खूष होतात. सरांनी दुसरा कागद घेतला, त्यावर आभाळ कसे भिजवून रंगवावयाचे ते मुलाला दाखविले आणि तो कागद स्वतःजवळ ठेवून दिला. मुलाच्या चित्राला त्यांनी बोटही लावले नाही. ते मला म्हणाले, ‘‘मी हात लावला की ते चित्र त्याचं राहत नाही. मग मी कशाला बघून रडू?’’

त्या वाक्याने माझ्या मनातील गाठ सुटली. दुसऱ्याच्या चित्रात आपला कुंचला चालविणे आणि दुसऱ्याच्या विजयासाठी आपला डाव सोडणे, ही दोन्ही एकाच जातीची कृत्ये आहेत. दोहोंत आपण देत असल्याचा भास होतो, पण प्रत्यक्षात आपण मुलाच्या हातून त्याची स्वतःची करणी काढून घेतो. सरांचे अश्रू खरे होते, कारण त्यांनी त्या चित्रात काहीही मिसळलेले नसे. आणि त्यांचा खेळ कठोर होता, कारण त्यांना मुलाच्या विजयातही काही मिसळावयाचे नव्हते. खेळात मुरवत राखली असती, तर त्यांच्या अश्रूंवरही मुलांनी विश्वास ठेवला नसता. ज्याचे ‘वा!’ प्रत्येकाला फुकट मिळते, त्याच्या ‘वा!’ने कोणाचे पोट भरत नाही.

तथापि या विचाराला एक धोक्याची बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर मी सरांचे नाव घेऊन निष्ठुरांची वकिली केल्यासारखे होईल. ‘मी खोटे वागत नाही’ असे म्हणत दुबळ्याला चिरडण्यात आनंद मानणारे लोक आपण पाहतो. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात खेळात सद्‌गुण असू शकतो काय, असा प्रश्न विचारून होय असे उत्तर दिले. सतत ताणलेले धनुष्य मोडते, तसे विसावा नसलेले मनही मोडते, ही जुनी गोष्टही त्यांनी तेथे सांगितली आहे. पण त्याबरोबर त्यांनी बंधने घातली. खेळ कोणाला अपाय करणारा नसावा, मनाचा तोल सुटू नये आणि तो माणूस, वेळ व स्थळ यांना साजेसा असावा. तीन वर्षांच्या बाळाशी लपंडाव खेळताना आई पडद्याआडचे पाय पाहूनही ‘बाळ कुठे गेले’ म्हणते, तेव्हा ती खोटे बोलत नाही. तो लपंडाव नसून नाटक असते आणि बाळही त्यात नट असते. बारा वर्षांच्या मुलाशी तेच करणे म्हणजे त्याला पुन्हा तीन वर्षांचा करणे होय.

दुसरे म्हणजे, पराभव हा खेळाच्या कुंपणातच राहिला पाहिजे. पैसे लावलेल्या डावात हरणारा पटावरून उठतो, पण त्याचा पराभव त्याच्याबरोबर घरी येतो, मुलांच्या ताटापर्यंत येतो. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याने पैसे लावण्याच्या खेळांना बंदी करून ई-क्रीडेला मान्यता दिली, त्यामागे हाच विवेक आहे असे मला वाटते. सर कठोर खेळू शकत होते, कारण खेळ संपताक्षणी ते कठोर राहत नसत. रिमोट खाली ठेवला की ते मुलाला सांगत, ‘‘तू उडी मारायच्या आधी नेहमी एक पाऊल मागं घेतोस, त्यावरून मला कळतं.’’ आपल्याला हरविण्याची किल्ली ते स्वतःच त्याच्या हाती देत. शत्रू असे करीत नाही. गुरूच करतो.

सुमारे चार महिन्यांनंतर एका सायंकाळी चटईवरून ओरडण्याचा आवाज आला. किती तरी दिवसांनी माझ्या मुलाचा मोठा आवाज मी ऐकत होतो. मी बाहेर धावलो. पडद्यावर सरांचा मल्ल आडवा पडला होता. मुलगा उभा राहून थरथरत होता आणि मग एकाएकी तो रडू लागला. आई गेल्यापासून प्रथमच. सरही रडत होते, पण त्यात नवल नव्हते. थोड्या वेळाने शर्टाच्या बाहीने डोळे पुसून ते म्हणाले, ‘‘चल, पुढचा डाव.’’ आणि पुढचा डाव त्यांनी निर्दयपणे जिंकला.

माझ्या संशयी मनाला तरीही स्वस्थता नव्हती. बऱ्याच वर्षांनी, सर निवृत्त झाल्यानंतर, मी धीर करून त्यांना विचारले, ‘‘त्या दिवशी तुम्ही मुद्दाम तर हरला नव्हता ना?’’ इतक्या वर्षांच्या परिचयात ते माझ्यावर संतापलेले मी तेवढे एकदाच पाहिले. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘त्यानं कमावलेलं तुम्ही त्याच्याकडून काढून घेताय.’’ त्यांचे डोळे अर्थातच भरून आले होते.

सर आता या जगात नाहीत. माझा मुलगा पुण्यात असतो आणि त्याची मुलगी आठ वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत ती दोघे मोबाइलवर काही खेळत होती. ती सारखी हरत होती आणि तिचे ओठ थरथरू लागले होते. माझ्या तोंडावर ते जुनेच वाक्य आले होते. तेवढ्यात मुलाने खेळ थांबविला आणि तिला विचारले, ‘‘मी डाव्या हाताने खेळू का?’’

तिने क्षणभर विचार केला आणि ती म्हणाली, ‘‘हो. पण आजच्या दिवस.’’